घराण्यात डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असेल तर: प्रतिबंधक लेझरसाठी मार्गदर्शक

माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यापुढे १९९८ साली, ऐन ऊसतोडणीच्या हंगामात, नाकाच्या बाजूने काळी सावली चढू लागली. दुखत काहीच नव्हते, म्हणून त्यांनी मोतीबिंदू असेल असे धरले आणि ‘पिकला की काढू’ असे म्हणत तीन आठवडे घालवले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचले, तेव्हा दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, पूर्ण सुटलेले होते. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण त्या डोळ्याला आजही उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नाही.

पुढे माझा मुलगा जन्मला, तेव्हा त्याची टाळू दुभंगलेली होती. ती अकराव्या महिन्यात शिवली गेली. चौथ्या वर्षी त्याला उणे आठचा चष्मा लागला आणि तेव्हा एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी टाळू, चष्म्याचा नंबर, माझा स्वतःचा उणे अकराचा नंबर, वडिलांचा गेलेला डोळा आणि ‘आमच्यात सगळ्यांचेच गुडघे लवकर जातात’ हे माझे सहज बोललेले वाक्य एकत्र जोडले. निदान निघाले स्टिकलर सिंड्रोम, म्हणजे डोळे, सांधे, टाळू आणि कान यांवर परिणाम करणारा एक आनुवंशिक आजार. वडिलांना, मला आणि मुलाला तो आहे. माझ्या भावाला नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही तिघांनी तपासण्या, जनुकीय चाचणी, विमा आणि लेझर या सगळ्यांतून वाट काढली. ती वाट तुम्हाला चाचपडत काढावी लागू नये, म्हणून हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. कोणत्या डोळ्याला काय करायचे हे तुमचे रेटिना स्पेशालिस्टच ठरवतील. त्यांच्यासमोर काय घेऊन जायचे आणि त्यांना काय विचारायचे, तेवढे मी सांगू शकते.

१. हे लेझर कोणते, ते आधी नीट समजून घ्या

आपल्याकडे ‘डोळ्याचे लेझर’ म्हटले की बहुतेकांना चष्म्याचा नंबर घालवण्याचे लेझर आठवते. ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर करतात. आपण ज्याबद्दल बोलत आहोत ते डोळ्याच्या आतल्या बाजूला, मागच्या पडद्याच्या कडेवर करतात. त्याने नंबर कमी होत नाही आणि दृष्टी सुधारतही नाही. मधुमेहात रक्तवाहिन्यांसाठी करतात ते लेझर आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम भिंगामागचा पापुद्रा उघडण्यासाठी करतात ते लेझर, ही दोन्हीही यापेक्षा वेगळी आहेत. विम्याच्या अर्जापासून नातेवाइकांना समजावण्यापर्यंत हा गोंधळ सगळीकडे आडवा येतो, म्हणून केस पेपरवर लिहिलेले नेमके नाव वाचा. एखाद्या छिद्राभोवती किंवा विरळ पट्ट्याभोवती लेझर केले तर त्याला डॉक्टर ‘बॅरेज लेझर’ म्हणतात. पडद्याच्या संपूर्ण कडेला गोलाकार लेझर केले तर ‘तीनशे साठ अंशांचे लेझर’ असे लिहिलेले असते.

पडदा सुटतो कसा, हे स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात स्पष्ट केले: आधी पडद्याला भोक किंवा चीर पडते, तिच्यातून डोळ्याच्या आतला द्रव पडद्याखाली शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो. लेझर त्या भोकाभोवती बारीक भाजल्याचे ठिपके उठवते. त्यांचे व्रण होतात आणि पडदा मागच्या थराला तिथे घट्ट चिकटतो. फाटलेल्या गोधडीला भोकाच्या भोवती दाट टीप मारली की फाटणे पुढे सरकत नाही, तसाच हा प्रकार आहे. प्रकाशाने पडदा असा चिकटवता येईल ही कल्पना जर्मनीतील मायर-श्विकेराट या नेत्रतज्ज्ञांना ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर सुचली, कारण ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णाच्या पडद्यावर त्यांना भाजल्याचा व्रण दिसला होता. ग्रहण पाहू नये असे बजावणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. पडद्याचा प्रत्येक आनुवंशिक आजार या लेझरच्या कक्षेत येत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये, म्हणजे रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आजारात, पडद्याच्या पेशीच झिजत जातात; तिथे या लेझरचा उपयोग नाही. हा लेख पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका ज्या घराण्यांत आहे, त्यांच्यासाठी आहे: स्टिकलर, मार्फान हा दुसरा आनुवंशिक आजार असलेली काही कुटुंबे, आणि ज्यांच्या घरात जास्त उणे नंबर, ‘लॅटिस’ नावाचे विरळ पट्टे व पडदा सुटण्याचा इतिहास एकत्र आढळतो असे लोक.

२. घराण्याचा तक्ता काढा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका मोठ्या कागदावर तीन पिढ्यांचा तक्ता काढा. आजी-आजोबा, त्यांची भावंडे, काका, आत्या, मामा, मावश्या, चुलत आणि मावस भावंडे, सगळे त्यात यावेत. प्रत्येकापुढे पुढील गोष्टी लिहा: चष्म्याचा नंबर आणि तो कोणत्या वयात लागला, पडद्याची शस्त्रक्रिया, एखादा डोळा ‘गेला’ असल्यास कसा आणि कितव्या वर्षी, तरुणपणी झालेला मोतीबिंदू, दुभंगलेली टाळू, कमी ऐकू येणे, कमी वयात सुरू झालेली गुडघे किंवा कंबरेची दुखणी.

जुन्या माणसांना ‘रेटिना’ विचारून काही हाती लागत नाही. मी माझ्या आत्याला विचारले की आजोबांना कसे दिसायचे, तेव्हा ती म्हणाली, “त्यांचा एक डोळा देवीत गेला.” पुढे चुलत्यांनी सांगितले की आजोबांना देवी कधी आल्याच नव्हत्या; बैलाने मान झटकली, शिंग गालाला लागले आणि आठवडाभराने दिसेनासे झाले. डॉक्टरांनी हा तपशील लगेच लिहून घेतला, कारण साध्या माराने पडदा सुटणे ही आमच्या घराण्याच्या आजाराशी जुळणारी गोष्ट होती.

स्टिकलरचा वारसा बहुतांश घराण्यांत असा असतो की आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग मूल मुलगा असो वा मुलगी. लक्षणे मात्र एकाच घरात कमीजास्त दिसतात. माझी टाळू व्यवस्थित आहे, वडिलांचीही व्यवस्थित आहे. म्हणून टाळू नीट आहे एवढ्यावरून कोणालाही मोकळे सोडू नका.

३. बाहुली मोठी करून संपूर्ण पडदा तपासून घ्या

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. धोका पडद्याच्या कडेला असतो आणि ती कडा पाहायची तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. डॉक्टर डोक्यावर दिव्याचे यंत्र लावतात, तुम्हाला आडवे झोपवून हातात भिंग धरून पाहतात आणि पापणीवरून एका बोथट उपकरणाने डोळा हलका दाबतात, म्हणजे अगदी टोकाची कडा आत येऊन दिसते. त्या दाबाने अवघडल्यासारखे होते, पण इजा होत नाही.

इथली मोठी चूक सांगते. माझी पहिली तपासणी झाली तिथे ओसीटी नावाचे स्कॅन काढून ‘पडदा नॉर्मल आहे’ असे सांगितले गेले आणि मी निश्चिंत झाले. ओसीटी नेहमी पडद्याच्या मध्यभागाचे काढतात. माझ्या डाव्या डोळ्यात कडेला दोन गोल छिद्रे होती, ती त्या चित्रात येणारच नव्हती. म्हणून थेट विचारा: “कडेपर्यंत, डोळा दाबून पाहिले का?” हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नका, चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

तपासणीला जाताना सोबत कोणीतरी असू द्या, कारण थेंबांमुळे चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर थेंब टाकण्याआधीच सांगा. तपासणीनंतर डॉक्टरांकडून पडद्याचे हाताने काढलेले चित्र किंवा मोठ्या कक्षेचा फोटो फाईलला लावून घ्या. पुढच्या वर्षी काय बदलले, हे त्याच चित्राशी ताडून कळते.

४. जनुकीय सल्ला आणि चाचणी

स्टिकलरचे वर्णन अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे बालरोगतज्ज्ञ गुन्नार स्टिकलर यांनी १९६५ मध्ये केले. आज त्याचे प्रकार जनुकावरून ओळखतात. सर्वांत जास्त आढळणारा पहिला प्रकार ‘सीओएल२ए१’ या जनुकातील दोषाने होतो. हे जनुक शरीराला कोलॅजेनचा एक प्रकार बनवायला सांगते. डोळ्यातली जेली, सांध्यातली कूर्चा आणि आतला कान या तिन्ही ठिकाणी तेच कोलॅजेन असल्यामुळे आजाराची लक्षणे अशी विखुरलेली दिसतात. पहिल्या प्रकारात पडदा सुटण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून प्रकार कळणे ही केवळ माहिती राहत नाही. लेझरचा निर्णय त्यावर टेकलेला असतो.

चाचणीसाठी साधे रक्त घेतात. चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान येथे डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांचे विभाग आहेत, आणि मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयांतही जनुकीय सल्लागार भेटतात. ज्याच्यात आजार उघड दिसतो आहे त्याची चाचणी आधी करा. त्याच्यात नेमका दोष सापडला की बाकीच्या नातेवाइकांत तेवढाच एक दोष शोधायचा असतो, आणि ते काम कमी खर्चात होते. आम्ही आधी माझी, मग मुलाची आणि वडिलांची चाचणी केली. भावाचा अहवाल ‘नाही’ असा आल्यावर त्याच्या दोन्ही मुली या काळजीतून सुटल्या.

अहवालात कधीकधी ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे लिहून येते. त्याचा अर्थ आजार आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. सल्लागारांशी बोलल्याशिवाय त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नका. आणि चाचणीत काही सापडले नाही, तरी डोळ्यांची तपासणी थांबवू नका.

५. लेझर घ्यायचे की नाही, हे कसे ठरते

हा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि लोक इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण घाबरून नको असलेले लेझर करून घेतात, तर काही जण ‘त्रास नाही तर कशाला’ म्हणून अत्यावश्यक लेझर टाळतात.

सोपी बाजू आधी सांगते. डोळ्यांपुढे अचानक काजवे चमकू लागले आणि तपासणीत घोड्याच्या नालेसारखी ताजी चीर सापडली, तर लेझर शक्यतो त्याच दिवशी करतात. त्यावर डॉक्टरांमध्ये मतभेद जवळजवळ नाहीत.

दुसरी बाजू लॅटिसची. शंभरातल्या सहा ते दहा माणसांच्या पडद्यावर असे विरळ पट्टे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा पडदा आयुष्यात कधीही सुटत नाही. नॉर्मन बायर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी लॅटिस असलेले, लेझर न केलेले चारशेहून अधिक डोळे सरासरी दहा वर्षांवर काळ पाहिले, तेव्हा त्यांतल्या अगदी मोजक्या डोळ्यांचा पडदा सुटला. म्हणून नुसते लॅटिस दिसले आणि लगेच लेझरची तारीख दिली गेली, तर कारण विचारा आणि हवे तर दुसरे मत घ्या. पारडे लेझरकडे झुकवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधीच सुटलेला असणे, आई-वडील किंवा भावंडांत पडदा सुटलेला असणे, जास्त उणे नंबर, लवकरच होऊ घातलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, किंवा पडद्याच्या रुग्णालयापासून फार दूरचे राहणे. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या माणसाचा निर्णय पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या माणसापेक्षा वेगळा असू शकतो, आणि तो तसा असण्यात काही गैर नाही.

तिसरी बाजू स्टिकलरच्या पहिल्या प्रकाराची. इथे पडद्याच्या अगदी टोकाला, घड्याळाच्या तीन तासांएवढी किंवा त्याहूनही मोठी चीर पडण्याची भीती असते, आणि ती आधी कोणतीही खूण न दाखवता पडू शकते. त्यामुळे डॉक्टर छिद्राची वाट न पाहता संपूर्ण कडा गोलाकार चिकटवण्याचा विचार करतात. इंग्लंडमधील केंब्रिजचे डॉक्टर यासाठी लेझरऐवजी गोठवण्याची पद्धत, म्हणजे क्रायो वापरतात. त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत दोन्ही डोळ्यांना असा उपचार न मिळालेल्या गटात ५३.६ टक्के लोकांचा पडदा सुटला होता, तर उपचार मिळालेल्या गटात ८.३ टक्के. हा अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला नाही, त्यामुळे काही डॉक्टर सावधपणे बोलतात. क्रायो की लेझर, आणि कोणत्या वयात, यावरही वेगवेगळी मते ऐकायला मिळतात. आम्ही दोन शहरांतल्या दोन तज्ज्ञांना विचारले. दोघांची पद्धत वेगळी होती, पण ‘करावे’ यावर दोघेही ठाम होते, आणि आमच्यासाठी तेवढे पुरेसे होते.

डॉक्टरांना हे प्रश्न लिहून न्या. माझ्या डोळ्यात आज नेमके काय दिसते? लेझर न केल्यास आणि केल्यास धोका कितपत राहतो? एकाच बैठकीत होईल की दोन? दुसरा डोळा कधी? लेझरनंतरही पडदा सुटला, तर शस्त्रक्रियेची सोय इथे आहे का? आणि दुष्परिणामांबद्दल स्वतःहून विचारा. मध्यभागावर पातळ पापुद्रा धरणे, थोडा रक्तस्राव, बाजूच्या दृष्टीत किंचित घट, आणि गोलाकार लेझरनंतर काही तरुण रुग्णांना जवळचे वाचायला काही काळ अडचण होणे, हे परिणाम फारसे होत नाहीत, पण होऊ शकतात.

सर्वांत महत्त्वाचे असे की लेझर म्हणजे कवच नव्हे. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जिथे टीप मारलेली नाही तिथे नवी चीर पडू शकते.

६. कागदपत्रे आणि पैशांची व्यवस्था

एक जाड फाईल करा आणि तिच्यात हे ठेवा:

- घराण्याचा तक्ता
- नंबरचे जुने कागद, शक्य तितक्या मागच्या वर्षांपासूनचे
- पडद्याचे चित्र किंवा फोटो आणि तपासणीचे केस पेपर
- जनुकीय अहवाल
- कुटुंबात कोणाची पडद्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास त्यांच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत
- सुरू असलेल्या औषधांची यादी आणि औषधांच्या ॲलर्जीची नोंद
- आधार कार्ड, शिधापत्रिका, विम्याचे कार्ड
- मुलासाठी: टाळूच्या शस्त्रक्रियेचे कागद, भूल कशी दिली होती त्याची नोंद, ऐकण्याच्या तपासणीचा अहवाल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च भागेल का, हे योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचाराचे नेमके नाव दाखवून आधी विचारा. खासगी विमा असेल, तर लेझरसाठी चोवीस तास भरती व्हावे लागत नाही म्हणून दावा नाकारला जाऊ नये यासाठी हा ‘डे-केअर’ उपचार पॉलिसीत मोडतो का, याचे उत्तर लेखी घ्या. पॉलिसी नव्याने काढत असाल, तर घराण्याचा आजार आणि स्वतःचे निदान लपवू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि मग मोठ्या शस्त्रक्रियेचाही खर्च अंगावर पडतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा ठेवता येतो, असा नियम २०२४ पासून लागू आहे. दरपत्रक घेताना लेझर एका डोळ्याचे की दोन्हींचे, एका बैठकीचे की पूर्ण उपचाराचे, आणि मुलाच्या बाबतीत भूलतज्ज्ञांची फी धरून की वगळून, हे वेगवेगळे लिहून घ्या. माझ्या वेळी दुसऱ्या बैठकीचे पैसे वेगळे असल्याचे मला खुर्चीत बसल्यावर कळले.

सरकारी सोयीचा विचार करत असाल, तर मुंबईचे जे. जे., पुण्याचे ससून आणि गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय येथील नेत्ररोग विभागांत चौकशी करा.

७. लेझरचा दिवस: मोठ्या माणसांसाठी

जेवून जा. नेहमीची औषधे घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोळ्यांचा मेकअप आणि काजळ लावू नका.

बाहुली मोठी व्हायला पाऊण तास ते एक तास लागतो. नंतर डोळा बधिर करण्याचे थेंब टाकतात. बसून लेझर असेल, तर हनुवटी यंत्रावर टेकवतात आणि जेल लावलेले भिंग डोळ्यावर ठेवतात, त्यामुळे पापणी मिटता येत नाही. झोपून असेल, तर डॉक्टरांच्या डोक्यावरच्या यंत्रातून किरण येतात. प्रत्येक ठिणगी सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाएवढीच असते, पण गोलाकार लेझरमध्ये त्या शेकड्यांनी, कधी हजाराहूनही जास्त असतात. मला प्रत्येक वेळी हिरवी लखलख दिसायची आणि मग सगळे काही क्षण जांभळट होऊन जायचे. पडद्याच्या बहुतेक भागात नुसते टोचल्यासारखे वाटले. पण घड्याळात जिथे तीन आणि नऊ असतात त्या दोन बाजूंना कपाळात कळ गेली, कारण तिथून डोळ्यातल्या लांब नसा जातात. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते: “आता दुखेल, डोकं मागे घेऊ नका, हात वर करा, मी थांबतो.” तुम्हीही अशी खूण आधी ठरवून घ्या. डोके अचानक मागे घेणे ही त्या खुर्चीतली सर्वांत धोक्याची हालचाल आहे. दुखणे असह्य असेल, तर डोळ्याच्या बाजूला बधिर करणारे इंजेक्शन देता येते, ते मागायला लाजू नका.

माझ्या एका डोळ्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. घरी जाताना काळा चष्मा आणि सोबतीला माणूस हवाच.

८. लहान मुलाचे लेझर किंवा क्रायो

लहान मूल खुर्चीत स्थिर बसू शकत नाही, म्हणून पूर्ण भूल देऊन दोन्ही डोळ्यांची तपासणी आणि उपचार एकत्रच करतात. स्टिकलरच्या मुलांचा खालचा जबडा लहान असू शकतो आणि टाळूवर शस्त्रक्रिया झालेली असते. अशा मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांनी ते लिहिले असेल असे गृहीत धरू नका. भूलतज्ज्ञांना आधीच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटा, टाळूच्या वेळचे कागद दाखवा आणि बालकांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर त्या दिवशी असतील का, हे विचारा. आमच्या भूलतज्ज्ञांनी मुलाला तोंड उघडायला सांगून बराच वेळ पाहिले, बाजूने फोटो काढला आणि जास्तीची उपकरणे मागवून ठेवली. मला त्या दहा मिनिटांनी फार धीर दिला.

उपाशी ठेवण्याच्या सूचना काटेकोर पाळा. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण तुमच्या रुग्णालयाने सांगितलेलीच वेळ धरा. आजी-आजोबांना हे बजावून ठेवा. ‘एक बिस्कीट दिलं, रडत होता म्हणून’ या कारणाने तारीख पुढे गेलेली मी वॉर्डात पाहिली आहे. क्रायोनंतर पापण्या सुजतात आणि डोळे लाल होतात, ते काही दिवसांत ओसरते. मुलाला आधीच सांगा की जाग आल्यावर थोडा वेळ धूसर दिसेल आणि आई शेजारीच असेल.

९. नंतरचे दोन आठवडे

लेझरचे ठिपके लगेच उठतात, पण चिकटणे पक्के व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे या दोन आठवड्यांत तुम्ही पूर्ण सुरक्षित झालेले नसता. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घाला, डोळे चोळू नका, आणि जड वजन, पोहणे किंवा व्यायामशाळा कधी सुरू करायची ते त्यांनाच विचारा. वाचणे, टीव्ही पाहणे, स्वयंपाक करणे यांनी पडदा सुटत नाही. गरोदर असाल, तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि पडद्याच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या; नुसत्या लेझरमुळे सिझेरियन करावेच लागते, अशी समजूत प्रचलित आहे, पण ती सरसकट खरी नाही.

पडद्याला ‘जोर’ यावा म्हणून मध, तूप, गुलाबपाणी किंवा कोणी दिलेला अर्क डोळ्यांत घालू नका. आमच्या घरी हे प्रेमापोटी सुचवले गेले आणि प्रेमानेच नाकारावे लागले.

पहिली फेरतपासणी चुकवू नका. काही ठिपके फिके पडलेले असतील, तर डॉक्टर मधल्या जागा पुन्हा भरतात.

१०. पुढे आयुष्यभर

वर्षातून किमान एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तितक्यांदा, बाहुली मोठी करून तपासणी करा. नंबर घालवण्याचे लेझर किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची झाल्यास आधी पडदा दाखवा; नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते आणि धोकाही तोच राहतो. मुलांच्या शाळेत लेखी कळवा. बॉक्सिंग आणि कुस्ती टाळा, क्रिकेटला न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घाला. विटीदांडू आणि धुळवडीचे पाण्याचे फुगे यांबाबत मी माझ्या मुलाशी तडजोड करत नाही. विटी किंवा फुगा थेट डोळ्यावर बसला, तर आमच्यासारख्या डोळ्यांना तेवढा मार पुरतो.

आणि खुणा पाठ करा: एका डोळ्यापुढे नव्याने काजवे चमकणे, अचानक काळ्या ठिपक्यांचा किंवा काजळीचा पाऊस दिसणे, कोणत्याही बाजूने पदर ओढल्यासारखी सावली चढणे, सरळ रेघ वाकडी दिसणे. यांत दुखत नाही, डोळा लालही होत नाही. यातले काही दिसले, तर सोमवारपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे निघा. सावली मध्यापर्यंत पोहोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. रुग्णालयाचा तातडीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, आणि रविवारी व दिवाळीत कोण असते हे आधीच विचारून ठेवा.

सावली दोन्ही डोळे उघडे असताना कळत नाही, कारण चांगला डोळा उणीव भरून काढतो. म्हणून माझा मुलगा रोज सकाळी दात घासून आला की भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहतो, आधी डावा डोळा झाकून आणि मग उजवा झाकून आजची तारीख आणि महिन्याचे चारही कोपरे पाहतो आणि “दिसतंय” असे ओरडून सांगतो. गावी वडीलही त्यांच्या राहिलेल्या डोळ्याने हेच करतात आणि फोनवर कळवतात.